सुईणीच्या हातची एल्विरा

पासो गार्सास गावात नीबिया बेंतांकोरला सगळे ओळखत, पण ती पोटापाण्यासाठी नेमकं काय करते हे कुणालाच धड सांगता येत नसे. तिचे वडील नदीवर तराफा चालवायचे. ते समजायला सोपं होतं. नीबिया राजधानीत शिकली, आईच्या आजारपणात परत आली, आई गेली, आणि ही इथंच राहिली. साल्तो शहरातल्या एका गुरांच्या डॉक्टरशी तिचं जमता जमता राहिलं, म्हणजे त्याचं दुसरीकडे जमलं. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही आणि काढूही दिला नाही.

औषधांच्या दुकानावरच्या माडीवर ती आणि दार्दो ओयार्विदे असे दोघं बसत आणि नदीकाठच्या लहानलहान पालिकांची संगणकाची कामं करत. दार्दो गिऱ्हाईक आणायचा, नीबिया कोड लिहायची. दार्दो बोलका, पोट सुटलेला, काखेत थर्मास आणि हातात येर्बाच्या कडू चहाचं भांडं घेऊन दिवसभर फिरणारा. नीबिया कमी बोलायची. दुसऱ्याच्या घरात भिंतीवरचा फोटो वाकडा दिसला तर उठून सरळ करायची, अशी बाई.

कुठल्याही कचेरीला नवं काही हवं झालं, नळजोडणी म्हणा, वाचनालयाचे सभासद म्हणा, लसीकरण म्हणा, तरी पाया तोच असतो. बाहेरून विचारणा यायला एक खिडकी लागते. या धंद्यातले लोक तिला एपीआय म्हणतात. खिडकीमागं तपासणारा एक कारकून लागतो, कारकुनामागं कपाट लागतं, आणि त्या कपाटाला चारच कामं ठाऊक असतात. नवं ठेवायचं, जुनं दाखवायचं, आहे ते बदलायचं, नको ते पुसायचं. हे सगळं दर वेळी हातानं लिहायचं म्हणजे रोज सकाळी उठून नवी चूल घालण्यासारखं. म्हणून नीबियानं ऐन तरुणपणी एक प्रोग्राम लिहिला होता. त्याला फक्त एक शब्द सांगायचा. ‘सभासद’ म्हटलं, की पापणी लवायच्या आत खिडकी, कारकून, कपाट, सगळ्याचा कोड तयार. धुऊनपुसून, दुपट्यात गुंडाळून हातात. दार्दो त्याला ‘पार्तेरा’ म्हणायचा, सुईण. पुढं नीबियाही तेच म्हणू लागली.

सुईण आणखी एक गोष्ट करायची. कपाट रिकामं दाखवलं की कचेरीतल्या बायकांना कळत नसे यात काय ठेवायचं. म्हणून पहिल्या कप्प्यात एक नमुन्याचं माणूस घालून द्यायचं. इतर लोक तिथं काहीबाही खरडतात, ‘अमुक तमुक’, ‘पत्ता नाही’. नीबियाला ते बघवेना. घर बांधायचं आणि आत बुजगावणं बसवायचं, हे काय? तिनं माणूस नीट केलं. नाव एल्विरा मायदाना. जन्मसाल नीबियाचं स्वतःचंच, दिवस कांदेलारियाचा, मेणबत्त्यांच्या सणाचा. पत्ता नदीकाठच्या विलोंच्या रस्त्याचा, पण घराचा नंबर असा की त्या रस्त्यावर तेवढी घरंच नव्हती. शिवाय मोठ्या पुरानंतर तिथं कुणी राहतही नव्हतं. चुकून कागद गेलाच तर कुणाच्या दारी जायला नको. शरीरावरची खूण म्हणून एक रकाना होता आणि तो रिकामा सोडता येत नव्हता. तिनं लिहिलं, डाव्या कानाची पाळी फाटलेली. अडीअडचणीला कुणाला बोलवायचं? तिथं स्वतःचं नाव घातलं, दुसरं सुचलं नाही म्हणून. नातं काय, असं पुढं विचारलं होतं, आणि यादीतला पहिलाच शब्द तिनं निवडला.

काम सुरू व्हायच्या दिवशी एल्विराला पुसून टाकायचं, असं प्रत्येक कचेरीला सांगितलेलं असे. प्रत्येक कचेरी ‘हो, हो’ म्हणे. कोण पुसतंय!

अशी वर्षं गेली. नीबियाचे केस पांढरे झाले. मग राजधानीतून फर्मान आलं की सगळ्या कचेऱ्यांची कपाटं एकमेकांना जोडा. एका खिडकीनं दुसऱ्या खिडकीला विचारायचं, ‘हे माणूस तुमच्याकडं आहे का?’ आणि दुसरीनं खरं सांगायचं. ते जोडून झाल्यावर दार्दो म्हणाला, “आता तुझी ती बाहुली काढ बाई सगळीकडून. तपासणीला माणसं येणार आहेत, हसतील आपल्याला.”

नीबिया वाचनालयापासून सुरुवात करायला बसली. एल्विरा मायदाना, सभासद पहिली. पुसायच्या आधी सवयीनं तिनं बाकीचे रकाने पाहिले आणि तिचा हात थांबला. एल्विरानं पुस्तकं नेली होती. पाणपक्ष्यांचं एक, शिवणकामाचं एक. वेळेवर परत केली होती. नंतर तेच पक्ष्यांचं पुस्तक पुन्हा नेलं होतं.

“दार्दो, वाचनालयात कुणी चाचणी घेत होतं का रे? एल्विराच्या नावावर?”

“मला काय माहीत. तुझं लेकरू, तू सांभाळ.”

तिनं दवाखान्याचं कपाट उघडलं. मागच्या शरद ऋतूत एल्विरानं तापाची लस घेतली होती. डाव्या दंडावर. टोचणाऱ्या नर्सचं नाव खाली होतं: सुल्मा तेचेरा.

सुल्मा त्यांच्याच गल्लीतली. संध्याकाळी ती दारात खुर्ची टाकून बसायची. नीबिया मुद्दाम त्या बाजूनं गेली आणि उगाच विचारल्यासारखं विचारलं.

“एल्विरा? हो की, येते ना,” सुल्मा म्हणाली. “सडपातळ आहे. नदीकडनं येते, पायाला चिखल असतो. हात काय गार! सुई टोचली तर पापणी हलली नाही हो बाईची. मी म्हटलं, बाई, दुखत असेल तर सांगत जा. तर म्हणाली, बोलावलंत म्हणून आले.”

“दिसायला कशी आहे?”

सुल्मानं तिच्याकडं पाहिलं, मग जरा जास्तच पाहिलं. “नीबियाबाई, तुम्ही मस्करी करताय का? तुमच्यासारखीच आहे की. मला वाटलं बहीण असेल. तुमच्या घरातलं कशाला विचारा, म्हणून गप्प बसले.”

नीबियाला बहीण नव्हती. त्या रात्री तिला झोप लागली, पण सकाळी उठली तेव्हा अंग शिणलेलं होतं, जणू रात्रभर कुणाशी तरी हुज्जत घालत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं सरळ पुसायचा हुकूम दिला. संगणकानं नकार दिला. काही भुताटकी नव्हती त्यात. नीबियानं स्वतःच सुईणीला तसं शिकवलं होतं. एखाद्या माणसाच्या नावावर इतर नोंदी टेकलेल्या असतील, तर ते माणूस पुसू द्यायचं नाही, नाहीतर त्या नोंदी अधांतरी राहतात. पडद्यावर तेच उत्तर आलं: हिच्यावर इतर गोष्टी अवलंबून आहेत. नळखात्यानं तेच सांगितलं. बसच्या पासाच्या कचेरीनं तेच सांगितलं. सगळी कपाटं आता एकमेकांना विचारत होती, आणि ज्याला विचारावं तो म्हणत होता, हो, आहे, आमच्याकडं पण आहे.

“अगं, मग जबरदस्तीनं काढ,” दार्दो म्हणाला. “तुला येतं ना.”

“येतं.”

“मग?”

“आधी बघून येते.”

“काय बघून येतेस? बाहुली?”

नीबिया उठली. तिनं खाली पोस्टात जाऊन एबर सिल्वेराला गाठलं. एबर त्या भागातला पोस्टमन, सायकल ढकलत चालायचा, बसायचा क्वचित. विलोंच्या रस्त्यावर पत्रं जातात का, असं विचारल्यावर तो जरा ओशाळला.

“जातात. लसीची बोलावणी, वाचनालयाचं कार्ड, काय काय. पहिल्यांदा परत आणायचो. मग कंटाळलो. रस्ता संपतो तिथं मासेमारांची एक खोपटी आहे जुनी, तिला नंबर नव्हता. मीच रंगवला. रंगाचा एक रिकामा डबा ठोकला खांबाला. नंबर असला की पत्र टाकता येतं, माझं काम संपलं.”

“आणि पत्रं?”

“दुसऱ्या खेपेला डबा रिकामा असतो.”

“कोण नेतं, पाहिलंस?”

“बाई, तो रस्ता पुरानं खाल्लेला. मी डब्यात टाकतो आणि सायकल फिरवतो. मान फिरवत नाही, नदीकाठी मागं बघू नये म्हणतात. तुमचे वडील तराफ्यावर होते, तुम्हाला सांगायला नको.”

नीबिया दुपारी निघाली. आमच्याकडं दुपारच्या झोपेच्या वेळी कुणी बाहेर पडत नाही. दारं लावलेली, कुत्री सावलीला आडवी, रेडिओसुद्धा बंद. लहानपणी पोरांना धाक घालतात तो रात्रीचा नव्हे, या वेळेचा. उन्हात जे फिरतं त्याला सावली असते की नाही ते बघ, असं आजीमंडळी सांगतात. नीबियाचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी ती चालताना आपली सावली बरोबर येतेय ना, हे दोनदा बघून घेत होती.

विलोंच्या रस्त्यावर घरांच्या भिंतींवर पुराच्या पाण्याची रेघ अजून होती, माणसाच्या डोक्याच्या वर. खिडक्यांच्या जागी भोकं. आतून विलोच्या फांद्या बाहेर आलेल्या. पाखरू नाही, वारा नाही. शेवटच्या घरापुढं रस्ता गवतात शिरला आणि पलीकडं ती खोपटी दिसली. दारावर नंबर होता. नीबियानं कधीकाळी टेबलाशी बसून मनानं ठोकलेला आकडा, पांढऱ्या रंगात लिहिलेला.

ती हाक मारणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

“या, बाई. दार उघडंच आहे.”

आत खाट, स्टूल, चुलीवर किटली. आणि एक बाई. सडपातळ, पांढरे केस खांद्यापर्यंत. सुल्मा म्हणाली तेवढी काही ती नीबियासारखी नव्हती. पण कपाळ, भुवया, ओठ मिटून घ्यायची लकब बघितली की आरशाशेजारून जाताना दचकायला होतं तसं होत होतं.

“तुम्ही मला ओळखता?” नीबियानं विचारलं.

“दवाखान्यातल्या बाईनं एकदा वाचून दाखवलं. मला काही झालं तर कुणाला बोलवायचं, ते. नीबिया बेंतांकोर. मी म्हटलं, येतील कधीतरी. कुणी उगाच का नाव देतं?”

“तुमचं नाव काय?”

“एल्विरा मायदाना.”

“खरं नाव.”

बाईनं किटली उतरवली, येर्बावर पाणी घातलं, पहिलं भांडं रीतीप्रमाणं स्वतः प्याली, दुसरं नीबियाला दिलं. मग बोलली. ती नदीच्या वरच्या अंगाला कुठंतरी आत, एका मोठ्या गुरांच्या मळ्यावर जन्मली होती. आई बाळंतपणातच गेली. कुणी नोंद केली नाही. मालकीण तिला ‘ए पोरके’ म्हणायची, गडी ‘ए’ एवढंच म्हणायचे. चाऱ्याच्या पोत्यांवरची अक्षरं बघूनबघून ती वाचायला शिकली. मळा विकला, सगळ्यांना घालवलं. वाळूच्या बोटीवर स्वयंपाक करत ती खाली आली, आजारी पडली, त्यांनी इथं उतरवलं. खोपटीत पडून होती. एक दिवस दाराशी कुणीतरी काहीतरी ठोकतंय असं ऐकू आलं. तिनं श्वास रोखून धरला. तो माणूस गेल्यावर बाहेर आली, तर डब्यात पत्र होतं.

“त्यात लिहिलं होतं, लस घ्यायला या, आम्ही तुमची वाट बघतोय,” ती म्हणाली. “बाई, माझी वाट आजवर कुणी बघितली नव्हती. नाव माझं नव्हतं, ते मला कळत होतं. पण मला तरी दुसरं कुठं होतं? मी गेले. त्यांनी यंत्रात बघितलं आणि म्हणाल्या, हां, एल्विरा, बसा.”

नीबियाच्या जिवात जीव आला. म्हणजे असं होतं तर. सगळं उलगडलं होतं, प्रत्येक गाठ माणसाच्या हातानं मारलेली होती. ती सैल होऊन जवळजवळ हसलीच. “जन्मतारीख विचारली असेल ना त्यांनी? काय सांगितलंत?”

“कांदेलारियाचा दिवस. ते एकच मला माहीत आहे माझ्याबद्दल. मळ्यावरच्या बायका सांगायच्या, मेणबत्त्या लागल्या होत्या आणि तू आलीस.”

“ते पत्रात लिहिलं होतं का?”

“नाही. पत्रात कुठं जन्मतारीख असते?”

नीबियानं भांडं खाली ठेवलं. तिला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं गेलं. “केस जरा मागं घ्याल? डावीकडचे.”

बाईनं मुकाट्यानं केस मागं घेतले. डाव्या कानाची पाळी मधोमध फाटलेली होती. जुनी जखम, कडा गुळगुळीत झालेल्या.

“कुत्र्यानं ओढली. लहान होते,” ती म्हणाली. “दवाखान्यात पण बघितली त्यांनी आणि म्हणाल्या, बरोबर, इथं लिहिलंच आहे. तुम्हाला कुणी सांगितलं, बाई?”

नीबिया उठली. काय बोलून बाहेर पडली ते तिला आठवत नव्हतं. रस्त्यावर आली तेव्हा ऊन तसंच टळटळीत होतं आणि तिनं पुन्हा आपली सावली बघून घेतली.

माडीवर दार्दो झोपेतून उठून जांभया देत होता. तिनं सगळं सांगितलं, कानाचं सोडून. दार्दोनं डोक्याला हात लावला. “म्हणजे एक बिनकागदाची बाई आपल्या नमुन्यावर जगतेय! तपासणीत सापडलं तर आपण दोघं आत. पूस तिला. आज.”

“आणि तिनं काय करायचं?”

“ती आधी काय करत होती?”

“मरत होती,” नीबिया म्हणाली.

दार्दोनं थर्मास खाली ठेवला. वाईट माणूस नव्हता तो. शेवटी म्हणाला, “मग नीट जन्माला घाल. कचेरीत ने, खरं काय ते सांग, नवी नोंद कर. आणि मग ती जुनी काढ.”

दोघी जन्ममृत्यूच्या कचेरीत गेल्या. एल्विरानं केस विंचरले होते, कुणाचा तरी कोट घातला होता. खिडकीतल्या कारकून बाईनं नाव टाइप केलं आणि मान हलवली. “नवी नोंद होत नाही. ही आधीच आहे.”

“ती खरी नाही,” नीबिया म्हणाली. “ती मी लिहिलेली आहे. नमुना आहे तो. ह्या बाईंची नोंद कधी झालीच नाही.”

“नळखातं हो म्हणतंय. दवाखाना हो म्हणतोय. वाचनालय, बस…” कारकून बाई बोटानं पडदा खाली सरकवत गेली. “सगळे हो म्हणतायत आणि तुम्ही एकट्या नाही म्हणताय.”

मोठे साहेब आले. त्यांनी नीबियाचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग पडद्याकडं पाहिलं, मग समोर बसलेल्या एल्विराकडं. “बाई,” ते नीबियाला हळूच म्हणाले, “तुम्ही म्हणता ही नाही. आणि ही तर माझ्यासमोर बसली आहे. तुम्ही फार काम करता. कुणीतरी पाणी द्या रे यांना.”

कारकून बाईनं एल्विराच्या अंगठ्याचा ठसा घेतला, फोटो काढला. ओळखपत्र छापायच्या आधी तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. नाव, पत्ता, खूण. “आई: नीबिया बेंतांकोर,” ती वाचत म्हणाली. “बरोबर?”

नीबियाला तेव्हा आठवलं. नात्यांच्या यादीतला पहिला शब्द. एल्विराचं साल पडद्यावर ढळढळीत दिसत होतं, नीबियाचंच साल, पण आईचं साल कुणी विचारलंच नाही.

एल्विरानं तिच्याकडं बघितलं. चेहऱ्यावर काही नव्हतं, आनंद नाही, भीती नाही. फक्त वाट बघणं होतं.

“बरोबर,” नीबिया म्हणाली.

तपासणी झाली. कुणी काही बोललं नाही. एल्विरा मायदाना ही नदीकाठची सर्वांत नीट भरलेली नोंद होती, तिच्यात एकही रकाना रिकामा नव्हता.

त्यानंतर नीबियानं सुईणीचा कोड उघडला आणि नमुन्याचं माणूस काढून टाकलं. कपाटं आता रिकामीच जन्माला येतात. कचेरीतल्या बायका कुरकुरतात, यात काय ठेवायचं ते कळत नाही म्हणतात, आणि नीबिया प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन तोंडी समजावते. दार्दो वैतागतो. “एक खोटं नाव टाकलं तर काय आभाळ कोसळतं?” ती म्हणते, “तू टाक. तुझ्या हातानं टाक.” त्यानं एकदा टाइप करायला बोटं उचलली होती. मग उठून येर्बासाठी पाणी तापवायला गेला.

एल्विरा आता बंदरावर मासे साफ करते, वर गावात खोली घेऊन राहते. ओळखपत्र ब्लाउजमध्ये ठेवते. रविवारी नीबियाकडं येते. शेजारीपाजारी बहिणी समजतात आणि दोघींनी ते कधी खोडून काढलं नाही. नीबियाला तिची सवय झाली, भीती मात्र पुरती गेली नाही. कधी भांडी घासताना ती पाठमोऱ्या एल्विराकडं बघते आणि नमुना लिहिताना आणखी काय काय भरलं होतं ते आठवायचा प्रयत्न करते. सगळं आठवत नाही.

मागच्या हिवाळ्यात एका पावसाळी दुपारी नीबिया पिठाच्या चकत्या तळत होती. पाऊस पडला की आमच्याकडं त्या होतातच. एल्विरा चुलीजवळ बसली होती. ती सहसा विचारत नसे, त्या दिवशी विचारलं.

“नीबिया, तू मला लिहिलंस ना, त्या दिवशी काय चाललं होतं तुझ्या मनात?”

नीबियानं झारा थांबवला. काहीतरी चांगलं सांगावं असं तिला फार वाटलं. पण या बाईशी खोटं बोलायचा धीर तिला होत नसे.

“खरं सांगू? काही नाही. जेवायची वेळ टळली होती. भुकेनं जीव जात होता नुसता. कसंबसं संपवलं आणि उठले.”

एल्विरा हसली नाही. तिनं मान हलवली, बराच काळ शोधलेली वस्तू सापडल्यासारखी.

“हां,” ती म्हणाली. “तेच म्हटलं मी. जन्मभर कितीही खाल्लं तरी पोट भरत नाही माझं.”

आणि तिनं ताटली पुढं केली. नीबियानं कढईत होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या चकत्या तिला वाढल्या, पीठ संपलं तेव्हा नवं मळायला घेतलं, आणि अंधार पडेपर्यंत ती तळत राहिली.